औक्षणाची यादी

आमच्या कॉलेजात बायका कमी आणि समित्या फार. पेणसारख्या गावात असंच चालतं. सांस्कृतिक समिती, महिला विकास कक्ष, पाहुण्यांचं स्वागत, रांगोळी, आणि कायद्यानं सांगितलं म्हणून नेमलेली अंतर्गत तक्रार समिती, सगळीकडे आम्ही त्याच तीन-चार जणी. मी इतिहास शिकवते. वयानं सगळ्यात मोठी बाई मी, म्हणून तक्रार समितीची अध्यक्षही मीच. नोटीस बोर्डावर माझं नाव आणि मोबाइल नंबर काचेच्या आत लावलेला होता. त्या नंबरवर कधी कोणाचा फोन आला नव्हता आणि आम्हाला त्याचा चक्क अभिमान वाटायचा. दर वर्षी विद्यापीठाला अहवाल जायचा, त्यात 'आलेल्या तक्रारी' या रकान्यात मी 'निरंक' लिहायचे आणि सही ठोकायचे.

मी तशी तोंडाची फटकळ. एसटीच्या कंडक्टरशी भांडलेय, बँकेच्या मॅनेजरला त्याच्या केबिनमध्ये जाऊन झापलंय, वर्गात मागच्या बाकावर मोबाइल दिसला की पोराची सात पिढ्यांची उजळणी करते. मॅडम कोणाला भीत नायत, असं मुली आपसात म्हणायच्या, ते माझ्या कानावर यायचं आणि मला गोड वाटायचं. त्या भरवशावरच ती मुलगी माझ्याकडे आली असणार.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. धरमतरच्या खाडीकडची. बाप जेट्टीवर बार्जमधला माल उतरवायचा, आई मिठागरात कामाला. घरात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. शिवाय मुलींच्या कबड्डी संघात होती, डाव्या कोपऱ्यावर उभी राहायची, पकड चांगली होती तिची. ती गुरुवारी दुपारी स्टाफरूममध्ये आली तेव्हा मी एकटीच होते. हातात वहीचं दुमडलेलं दीड पान. म्हणाली, "मॅडम, वाचा. तोंडानं सांगायला नाय जमणार."

मी वाचलं. मुलांच्या संघाचा कॅप्टन, आमचा पहिल्या नंबरचा चढाईपटू. आदल्या दिवशी सराव संपल्यावर मॅट गुंडाळून ठेवायच्या खोलीत ती नीकॅप आणायला गेली, तो मागून आला आणि त्यानं आतून कडी लावली. पुढचं तिनं साध्या, सरळ वाक्यांत लिहिलं होतं. त्यानं तोंड दाबलं, कपड्यांत हात घातला, भिंतीला रेटून धरलं. ती त्याच्या हाताला कडकडून चावली तेव्हा त्यानं सोडलं. शेवटी लिहिलं होतं, 'मला न्याय मिळावा. मला शिक्षण पुरे करायचे आहे.'

मी तिला पाणी दिलं, जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला. हे सगळं मी उत्तम केलं. मग तिनं विचारलं, "याच्यावर शिक्का नाय मारत का, मॅडम?" बाप जेट्टीवर, त्यामुळे शिक्क्याशिवाय कागदाला किंमत नाही हे तिला घरातूनच माहीत होतं. ऑफिसात आवक क्रमांक पडला, तारखेचा शिक्का बसला, की कायद्यानं समितीला नव्वद दिवसांत चौकशी पुरी करावी लागते. मला ते तोंडपाठ होतं, त्याचं प्रशिक्षण घेऊन आले होते मी, सर्टिफिकेटसकट. मी म्हटलं, "ऑफिसात टाकला तर चार कारकुनांच्या हातातून जाईल गो. तुझं नाव फुटेल. माझ्याकडे राहू दे, कपाटात कुलूप लावून ठेवते." ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम मैदानाकडून गेले. पोरं सराव करत होती. कॅप्टनच्या उजव्या हाताला, मनगटाच्या वर, क्रेप बँडेज होतं. मी विचारलं, काय झालं रे? "काय नाय मॅडम, नख लागलं पकडीत," असं म्हणून त्यानं हात पाठीमागे घेतला. बँडेजच्या कडेला दातांची अर्धी गोलाई निळी पडलेली मला स्वच्छ दिसली. मी इतिहासाची बाई, पुरावा कशाला म्हणतात ते जन्मभर शिकवत आले. तिथं उभ्या उभ्या माझी खात्री पटली, आणि तरी मी 'जप हो' म्हणून पुढे निघाले. रोह्याचा पोरगा, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातला, वर्गात कधी आवाज न करणारा. मला मावशीच म्हणायचा, मॅडम नाही.

मी प्राचार्यांकडे गेले, ते मात्र त्याच दिवशी. बँडेजचंही सांगितलं. प्राचार्य वाईट माणूस नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं, कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "मॅडम, पुढच्या शनिवारी रोह्याला फायनल आहे." आंतरमहाविद्यालयीन कबड्डीची फायनल आमच्या कॉलेजानं कधी पाहिली नव्हती. त्याच सामन्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जाणार होता, आणि आमच्याकडून नाव जाईल असा हा एकच पोरगा होता. "आठ दिवस," ते म्हणाले. "फक्त आठ दिवस थांबू. स्पर्धा होऊ दे, मग मी स्वतः तुमच्याबरोबर बसतो. आता चौकशी लावली तर संघातली बाकीची अकरा पोरं मरतात. त्यांचा काय दोष?"

खरं तर तेव्हा माझं तोंड सुटायला हवं होतं. बँकेच्या मॅनेजरला जे ऐकवलं त्याच्या पावपट जरी ऐकवलं असतं तरी पुरे होतं. पण त्या टेबलावर, पेपरवेटखाली, माझा बढतीचा प्रस्ताव होता. विद्यापीठाकडे जायचा होता, प्राचार्यांच्या शिफारशीनं. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही, तसला माणूसच नाही तो. बघितलं मी. नंतर बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की अकरा पोरांचा विचार करून मी गप्प बसले. ते खोटं आहे. मी माझ्या कागदाचा विचार करून मूग गिळले, आणि हे लिहितानासुद्धा कान गरम होतात.

मुलीला मी सांगितलं, आठ दिवस कळ काढ. सरावाला नको येऊस, तब्येतीचं कारण सांग. ती म्हणाली, "मी कशाला नको येऊ? त्याला सांगा ना नको येऊ." मी म्हटलं, अगं, तसं नसतं.

शनिवारी आम्ही दोन बस भरून रोह्याला गेलो. मी गेले, कारण मुलींबरोबर एक बाई लागते. मुलींचा संघ पहिल्याच फेरीत हरला होता, तरी सगळ्या टाळ्या वाजवायला निघाल्या होत्या. ती नव्हती. मैदानाभोवती माणूस मावत नव्हतं, झाडांवर पोरं, भिंतीवर पोरं. शेवटची दोन मिनिटं उरली, आम्ही तीन गुणांनी मागे, आणि हा चढाईला गेला. एकाच दमात चौघांना शिवून मध्यरेषेवर हात टेकवला त्यानं. सगळे उठले. मीही उठले. माझेच दोन हात वर गेले आणि माझ्याच घशातून आवाज निघाला, त्याचं नाव घेऊन. शेजारची मुलगी माझ्या गळ्यात पडली. बसमध्ये परत येताना मी पोरींबरोबर गाणीसुद्धा म्हटली. कोणी मारूनमुटकून म्हणायला लावली नव्हती, मला आनंद झाला होता.

पुढचं सगळं माझ्या हातचं आहे, तिथं प्राचार्यांचा काही संबंध नाही.

सोमवारी सत्कार ठरला. संस्थेचे लोक येणार, गावातले पुढारी येणार. आमच्याकडे संघ जिंकून आला की शाल-श्रीफळाच्या आधी मुली खेळाडूंचं औक्षण करतात. जुनी पद्धत. सांस्कृतिक समितीची प्रमुख मी, तेव्हा औक्षणाची यादी मी करायची. त्या वर्षी ठरलं की मुलींच्या संघातल्याच पाच जणींनी ओवाळायचं, भावा-बहिणीसारखं दिसेल. स्पोर्ट्सच्या सरांनी पाच नावं लिहून दिली. तिसरं नाव तिचं होतं. सरांना काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

मी पेन हातात घेतलं होतं. नाव खोडायला किती वेळ लागतो? पण माझ्या डोक्यात ते प्रशिक्षण शिरलं, गोपनीयता, गोपनीयता. तिचं नाव काढलं तर सर विचारतील का काढलं. मुली विचारतील. आधीच ती सरावाला नव्हती, रोह्याला नव्हती, आता इथूनही नाव गेलं तर गावभर कुजबुज होईल आणि पोरीचं नाव जाईल. नाव राहू दिलं तर कोणाला संशय येणार नाही. असा हिशेब मी केला आणि यादीवर सही केली. तिचं भलंच करतेय असं मला मनापासून वाटत होतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथं बैल माझा नव्हता एवढंच.

सोमवारी सकाळी ती स्टाफरूमच्या दारात आली. फिकट पिवळी साडी नेसून आली होती, कारण निरोप तसा गेला होता. "मॅडम, माझं नाव काढा यादीतून."

मी तिला बाजूला घेतलं. सगळं समजावून सांगितलं, कुजबुज, संशय, आठ दिवस झालेच आता. "दोन मिनिटांचं काम आहे. त्याच्याकडे बघू नकोस. ताट फिरव आणि हो बाजूला."

"मला नाय जमणार, मॅडम."

"जमतं गो. बायकांना सगळं जमतं."

हे वाक्य मी बोलले. रोज बोलतो आपण असली वाक्यं, पापडासारखी लाटून ठेवलेली असतात. तिनं माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि ताट घ्यायला गेली.

मी ओळ अशी लावली होती की तिच्या वाट्याला तो येऊ नये. तेवढी अक्कल मला होती. पण स्टेजवर गेल्यावर कॅप्टनला मधोमध उभं केलं कोणीतरी, आणि मधोमध ती होती. तिनं कुंकू लावलं त्याला. तांदूळ लावले. ताट फिरवलं. निरांजन विझायला आलं होतं. तो खाली बघत होता. झालं, सुटली, म्हणून मी श्वास सोडला, तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, "ताई, परत एकदा, इकडे बघून. थोडं हसून." ती तशीच उभी राहिली. सभागृह थांबलं. स्टेजच्या पायरीवर मी होते. मी म्हटलं, "हां, बघ गो इकडे जरा."

तिनं बघितलं. हसलीही. फोटो निघाला.

तो फोटो दुपारपर्यंत कॉलेजच्या ग्रुपवर होता, दुसऱ्या दिवशी फ्रेम करून प्राचार्यांच्या केबिनबाहेर. आठ दिवस संपले म्हणून मी आठवण करून दिली. तोपर्यंत विद्यापीठाच्या संघात त्याची निवड झाली होती. प्राचार्यांनी तिला बोलावलं, मी शेजारी बसले. समितीची बैठक म्हणाल तर ती नव्हती, नोंद नाही, बाकीच्या सदस्यांना पत्ता नाही. प्राचार्य सौम्यपणे बोलले. म्हणाले, "बाळा, तुझ्यावर कोणी अविश्वास दाखवत नाही. पण उद्या चौकशी लागली, त्याच्या बाजूनं वकील आला, तर तो हा फोटो समोर ठेवणार. ज्यानं असं केलं त्याला बारा दिवसांत कोण ओवाळतं? हसून? काय सांगशील?"

तिनं माझ्याकडे बघितलं. सांगायचं काम माझं होतं. मी यादी केली, तिनं नको म्हटलं होतं, मी ऐकलं नाही, हसायलाही मीच लावलं, बँडेजखालचे दात मी पाहिलेत. एवढी पाच वाक्यं. मी म्हटलं, "सरांचं म्हणणं कायद्याच्या दृष्टीनं बरोबर आहे."

ती उठली. मग म्हणाली, "माझा अर्ज परत द्या."

मी कपाट उघडून दिला. तिनं तो तपासून बघितला, दोन्ही पानं आहेत ना, आणि ओढणीच्या टोकात बांधावा तसा मुठीत धरून गेली. रोखलं नाही मी. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. कागदच राहिला नाही, म्हणजे तक्रारच आली नाही.

तीन दिवसांनी तिची आई आली. मिठागरातून थेट आली असावी, पायांना भेगा, त्यांत मीठ दिसत होतं. दाखला मागायला आली होती. मी म्हटलं, अहो, परीक्षेला दोन महिने राहिलेत, पेपर तरी देऊ द्या. ती म्हणाली, "ती नाय येत बोलते. आमी लय सांगितला." मग म्हणाली, "मॅडम, आमची पोर खोटा बोलत नाय." मी म्हटलं, "खोटं म्हटलंय कोणी?" तर ती म्हणाली, "मग काय म्हटलाव?" मी शिपायाला सांगून तिला खुर्ची दिली आणि दाखला लवकर काढून द्यायला लावला.

मार्चमध्ये विद्यापीठाच्या अहवालाचा फॉर्म आला. मी 'निरंक' लिहिलं. हात अडखळला म्हणावं तर तेही नाही, सवयीचं अक्षर होतं, एका झटक्यात आलं. बढती मला जूनमध्ये मिळाली. स्टाफरूममध्ये पेढे वाटले मी.

पोरगा पुढे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला लागला. कॉलेजात पाहुणा म्हणून येऊन गेला एकदा. मला वाकून नमस्कार केला, मावशी म्हणाला. मी पाय मागे घेतले, एवढंच काय ते माझं शौर्य. त्यालाही कदाचित समजलं असेल, कदाचित नसेल.

यंदा परीक्षेच्या कामासाठी मला रोह्याला जावं लागलं. काम लवकर आटपलं. एसटी स्टँडच्या बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी मी उभी होते, तर कोणीतरी "मॅडम" म्हणालं. तीच होती. अंगावर कंपनीचा निळा एप्रन, गळ्यात ओळखपत्र. धाटावच्या कारखान्यात पॅकिंगमध्ये आहे म्हणाली, सेकंड शिफ्टला निघालेय, बसची वाट बघतेय. लग्न झालं नाही, स्वतःच लांबणीवर टाकलंय म्हणाली. कबड्डी सुटली. बी.ए.? "राहिलं ते," म्हणाली, जणू भाजी आणायची राहिली.

मी रस सांगितला दोघींना. इतक्या वर्षांत मी तिला किती वेळा मनात भेटले होते, किती माफ्या मागितल्या होत्या, सगळ्या कशा सुबक, तयार. त्यातली एकही तोंडात येईना. मी म्हटलं, परीक्षा अजून देता येईल, मी फॉर्म भरून देते, फी मी भरते. ती म्हणाली, "नको, मॅडम." आवाजात राग नव्हता. रस पिऊन तिनं ग्लास ठेवला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तेव्हा तुम्हाला माझं खरं वाटलेलं का?"

मला वाटलं, हे एक तरी मी देऊ शकते तिला. निदान एवढं तरी. घाईघाईनं बोलले, जणू ती जाईल. "वाटलं होतं गो. पहिल्या दिवसापासून. दुसऱ्या दिवशी तर त्याच्या हाताला खूणही बघितली मी. एका क्षणासाठीही तू खोटी वाटली नाहीस मला."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे काही माझ्यासाठी अजून शिल्लक होतं ते माझ्यादेखत निघून गेलं. समोर कंपनीची बस येऊन लागली. तिनं खांद्यावरची पिशवी नीट केली.

"आय शिव्या द्यायची तुम्हाला," ती म्हणाली. "मी तिला गप्प करायची. बोलायची, मॅडमना पटलंच नाय ते, मग त्या काय करतील. इतकी वर्षं मी घरात तुमची बाजू घेतली."